शेवटच्या डब्यातला इन्फायनाइट

तीर्थरूप नाना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलणं चालूच आहे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, तुमच्या चिरंजीवांवर चिडताना. पण कालची गोष्ट मनातल्या मनात सांगून भागणार नाही. काल पहूरच्या मळ्यात आपली भरीत पार्टी झाली. होय, तुमच्याशिवाय झाली. फेरी संपली की रिपोर्ट द्यायचा, हा तुमचाच नियम. म्हणून सकाळची कामं उरकली आणि अक्का देवळात गेल्या आहेत तेवढ्यात लिहायला बसले.

आधीच सांगते, रागावू नका. वर्षश्राद्धाच्या आत असलं काही करतात का, हे चिरंजीवांनी म्हणून झालंय. शेजारच्या काकूंनीही तोंड वाकडं करून झालंय. तुम्ही रागावणार नाही हे मला ठाऊक आहे, पण सुनेनं आधी माफी मागितलेली बरी असते.

नाना, तुम्हाला आठवतं का, तुम्ही मला बघायला सोनगीरला आला होतात? बाकीचे सासरे विचारतात स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. तुम्ही पोह्यांची बशी हातात घेतलीत आणि विचारलंत, “खूप या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात?” माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, इंग्रजीत कशीबशी तरलेली. मी म्हटलं, “मेनी.” तुम्ही म्हणालात, “अजून?” आता अजून कुठून आणू? मी म्हटलं, “मेनी मेनी.”

काय हसलात तुम्ही. पोह्यातले शेंगदाणे बशीतून खाली उडाले. अक्का, माझ्या होणाऱ्या सासूबाई, तुमच्याकडे डोळे वटारून बघत होत्या आणि मला वाटलं, गेलं हे स्थळ. तुम्ही घरी परतल्यावर तुमचा निरोप आला, मुलगी पसंत आहे, तिच्याकडे आहे तेवढंच ती दोनदा देते. त्या निरोपाचा अर्थ आमच्या घरात कोणालाच लागला नव्हता. पण वडिलांनी पेढे वाटले.

मग मी भुसावळला तुमच्या घरात आले आणि कळलं, हा प्रश्न परीक्षेचा नव्हता, हे तर तुमचं वेड होतं. मालगाडीचे गार्ड तुम्ही. आयुष्यभर शेवटच्या डब्यात एकटे बसलेले. कुठल्याशा लूप लाइनला तुमची गाडी बाजूला उभी करायची, पॅसेंजर जायची, मेल जायची, एक्स्प्रेस जायची, आणि तुम्ही ब्रेक व्हॅनच्या दारात पुठ्ठा निघालेली डिक्शनरी घेऊन बसायचात. त्यातही सगळे शब्द नको होते तुम्हाला. ज्यांचा अर्थ ‘खूप’ किंवा ‘न संपणारं’ असा असेल तेवढेच. दुसऱ्या कुठल्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग विचारलं तर चष्मा पुसत बसायचात.

मी एकदा विचारलं होतं, हेच शब्द का. तुम्ही म्हणालात, “वैशाली, मी माझ्या गाडीचं इंजिन चालताना कधी पाहिलंच नाही. समोर डबे, डबे आणि डबे. वळण आलं की वाटायचं, आता दिसेल. तर तिकडेही डबेच. त्याला काहीतरी नाव द्यायला नको का?”

पण नावं तरी किती! आणि प्रत्येकाची तुमची स्वतःची व्याख्या. डिक्शनरीवाल्याला कळल्या असत्या तर त्यानं नोकरी सोडली असती. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात रावेरहून केळीचे घड आले होते, तेव्हा ओट्याशी उभं राहून तुम्ही मला शिकवलंत. पाहुणे आले तरी पुरेल ते प्लेंटी. पाहुणे जेवून गेल्यावर शेजाऱ्यांना वाटायला उरेल ते अबंडंट. आणि शेजारीही दार लावून घेतात ते प्लेथोरा. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे केळ्यांचा प्लेथोरा झाला होता. केळ्याची भाजी, केळ्याचे वेफर, केळ्याचं शिकरण. शेवटी दूधवाल्यानंही हात जोडले.

काउंटलेस म्हणजे मोजता येईल, पण वेळ कोणाला आहे. इन्न्युमरेबल म्हणजे तेच, फक्त साहेबाला लिहायचं असेल तेव्हा. अम्प्टीन म्हणजे बायको वैतागून सांगते तितक्या वेळा. मिरियड म्हणजे पुष्कळ, पण जातीजातीचं. वांग्यांचा ढीग मिरियड नाही, रावेरचा आठवडी बाजार मिरियड. पर्पेच्युअल म्हणजे आपल्या न्हाणीघरातला नळ. आणि बाउंडलेस म्हणजे तुमचं आणि भाऊकाकांचं पहूरचं शेत, ज्यात दोघा भावांनी मध्ये बांध घातलाच नाही. हे सांगताना तुमची मान जरा ताठ व्हायची. तालुक्यात बांधावरून डोकी फुटतात, आणि तुम्ही दोघं सख्खे भाऊ एकाच विहिरीवर हसत बसायचात.

इटर्नल हा एकच शब्द तुम्ही आम्हाला वापरू द्यायचा नाहीत. तो देवाचा, म्हणायचात, त्याला हात लावू नका.

आणि इंटर्मिनेबल? तो शब्द काढला की अजून अक्का पदर तोंडाला लावतात. साहेबांच्या निरोप समारंभात तुम्ही माइक हातात घेऊन म्हणालात, “सर, आपल्याला इंटर्मिनेबल आयुष्य लाभो.” तुम्हाला वाटलं, न संपणारं म्हणजे चांगलंच. साहेब हसले, म्हणाले, “अहो, ते रटाळ आणि लांबलेल्या गोष्टीला म्हणतात.” आणि त्यांच्या सौभाग्यवती पटकन म्हणाल्या, “बरोबरच आहे मग, राहू द्या.” अख्खा हॉल हसला. दुसरा कोणी असता तर महिनाभर तोंड लपवून फिरला असता. तुम्ही घरी येऊन स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलात. म्हणालात, आज कळलं, न संपणं ही शिवीसुद्धा असते.

नाना, तुमचं हेच मला फार आवडायचं. चूक झाली तरी तुम्हाला एक शब्द मिळाल्याचाच आनंद.

ओवी शाळेत जायला लागली आणि तुम्हाला जोडीदार मिळाला. इंग्रजी शाळेतली नात, ती काय ऐकून घेणार? आठवीत आल्यावर तिनं तुम्हाला सांगितलं, “नाना, इन्फिनिटीत एक मिळवला तरी इन्फिनिटीच राहते. एक काढला तरी तेवढीच.” तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. “एक काढला तरी कमी होत नाही?” “नाही.” “अजिबात नाही?” “नाही हो नाना, गणितात तसंच असतं.” दुसऱ्या दिवशी दूध डेअरीवर, न्हाव्याकडे, दवाखान्याच्या रांगेत, भेटेल त्याला तुम्ही हेच सांगत होतात. पेन्शनर मंडळी तुम्हाला बघून रस्ता बदलायची, तुम्हाला माहीत आहे का?

तुम्ही गेल्यावर ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. गणितात असेल हो तसं. घरात एक काढला की कमी होतं. जेवायला बसलं की कळतं, ताटं मांडताना कळतं. ओवीलाही मी तसं सांगितलं. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

पोळ्याच्या आठवड्यात तुम्हाला जळगावच्या दवाखान्यात हलवलं. दोन दिवसांत घरी येतो म्हणालात. सकाळी डॉक्टरही म्हणाले, ठीक आहे. अक्का इथे भुसावळला तुमच्यासाठी मऊ भाकरी आणि मुगाचं वरण डब्यात भरत होत्या. आणि तुम्ही तेवढ्यात निघून गेलात. त्या डब्याचं झाकण लावत असताना फोन आला. नाना, माझी तक्रार आहे ती एवढीच. सगळ्या नोकरीत तुम्ही झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलू दिली नाहीत. आणि अक्कांना न सांगता असे कसे निघालात?

तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते. अक्कांनी मला त्यांच्या क्वार्टरच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली होती. तुमचं रेल्वे क्वार्टर रुळांच्या कडेला. तुमची मालगाडी यार्डातून निघाली की त्या परसात दोरीपाशी येऊन उभ्या राहायच्या. हातात ओला कपडा, बायकांना वाटावं वाळत घालतायत. समोरून डबे जात राहायचे. कोळशाचे, सिमेंटचे, धान्याचे. इतरांना ती गाडी म्हणजे डोक्याला ताप होता. अक्का शेवटच्या डब्याची वाट बघत थांबायच्या. तुम्ही दारात दिसायचात, झेंडी हलवायचात, तुमच्यामागे शेवटच्या डब्याची पिवळी पाटी दिसायची, आणि मगच त्यांचा कपडा दोरीवर पडायचा. मला म्हणाल्या होत्या, “त्यासले डबा मोजाना नाद, अन मले शेवटना.” त्यांना डब्यांचा नाद, मला शेवटच्याचा.

आणि यंदा नेमका शेवटचा डबाच त्यांना दिसला नाही.

तुम्ही गेल्यापासून अक्का एकच शब्द बोलायच्या, पुरे. अर्धी भाकरी झाली की पुरे. भाजी वाढायला गेलं की पुरे. टीव्ही लावला की पुरे. ओवीनं मांडीवर डोकं ठेवलं तरी थोड्या वेळानं पुरे. ज्या घरात तुम्ही ‘पुरे’ या शब्दावर बंदी घातली होती, त्या घरात दिवसभर तोच ऐकू यायचा. डॉक्टरांनी तपासलं, काही आजार नाही म्हणाले. मला आजार कळत होता, औषध सुचत नव्हतं.

थंडी पडली. बामणोदची वांगी बाजारात आली, हिरवट पांढरी, हाताला गार लागणारी. भाऊकाकांचा पहूरहून फोन. “सूनबाई, यंदा काय करायचं?” इतका हळू आवाज त्यांचा मी पहिल्यांदा ऐकला. तुमच्या चिरंजीवांनी मान हलवली, यंदा नको. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आते सरनं बठ्ठं.” आता सगळं संपलं.

मला राग आला, नाना. तुमच्यावर नाही, त्या ‘संपलं’वर. मी सोनगीरहून आलेली मुलगी, ‘मेनी मेनी’वाली. या घरात मला माझी जागा त्या पार्टीनं दिली. माझ्या पहिल्या वर्षी सगळ्या जावा-नणंदा माझ्याकडे बघत असताना तुम्ही माझ्या ताटात भरीत वाढलंत आणि पुन्हा वाढण्याआधी ‘खूप’साठी शब्द मागितलात. मी पुन्हा तेच म्हटलं, मेनी मेनी. तुम्ही म्हणालात, हा शब्द आजपासून फक्त वैशालीचा, दुसऱ्या कोणी वापरायचा नाही. ती पार्टी मी अशी संपू देणार होते होय?

मी अक्कांना सरळ म्हटलं, “ठीक आहे, तुम्ही नका येऊ. मी एकटी जाते. कळण्याच्या पुऱ्या माझ्या मी करीन.” अक्का तव्याशी होत्या, थबकल्या. माझ्या कळण्याच्या पुऱ्या तुम्ही खाल्ल्या आहेत. ज्वारी आणि उडदाचं पीठ माझ्या हातात आलं की त्याला काय होतं कोण जाणे, पुरी तळली की कौल होतं. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाचा डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. “पुऱ्यापुरती येस,” म्हणाल्या. “पुऱ्या झाल्या का माघारी.” पुऱ्यांपुरती येते, लगेच परत. मी बरं म्हटलं आणि आत जाऊन हसले.

आता पार्टीचं ऐका.

दुपारचं ऊन छान होतं. भाऊकाकांनी कपाशीच्या काड्यांचा जाळ केला होता आणि वांगी त्यात काळीठिक्कर होत होती. धुराचा तो वास आला आणि तुम्ही आठवलात, कारण तुम्ही नेहमी धूर येईल त्याच बाजूला उभे राहून मुद्दाम तो वास घ्यायचात आणि डोळे चोळत राहायचात. सोललेली वांगी ठेचायच्या लाकडी बडगीत पडली, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि वर तेल. ठेचायला चिरंजीव बसले. तुमच्यासारखा ठेका नाही हो त्यांना. भाऊकाका म्हणालेच, “अरे, भरीत कर, रस्ता नको खोदू.”

पंगत बसली. तुमचा नियम मी मोठ्यानं वाचल्यासारखा सांगितला, नव्या जावयांसाठी. इथे पुरे म्हणायचं नाही. पुन्हा वाढून हवं तर इंग्रजीतला एक शब्द द्यायचा, खूप किंवा न संपणारं अशा अर्थाचा, आणि आज कोणी वापरलेला नको. शब्द संपले की जेवण संपलं. वाढपी मी. तुमचं पातेलं आणि तुमचा डाव माझ्या हातात.

सुरुवात जरा अडखळतच झाली. सगळे ताटाकडे बघत होते. मग भाऊकाकांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, “हेवी.” दरवर्षी त्यांचा एकच शब्द. तुम्ही दरवर्षी तो चुकीचा आहे म्हणायचात आणि दरवर्षी वाढायचात. मीही म्हटलं, “काका, हेवी म्हणजे जड.” ते म्हणाले, “मग जड वाढ.” पंगत हसली आणि गाडी सुरू झाली.

चिरंजीव म्हणाले, “अ लॉट ऑफ.” ओवीनं लगेच शिट्टी वाजवली, हा शब्द नानांनी बाद केलेला आहे, तीन तुकडे आहेत त्याचे. बिचारे कोरडी पुरी चावत बसले. मग ‘इनफ’ म्हणाले, तर आणखीच हसं झालं. पोटभर शिकून इंजिनियर झालेला तुमचा मुलगा, आणि भरताच्या बाबतीत उपाशी. शेवटी ओवीनंच बापाच्या कानात ‘अनलिमिटेड’ सांगितला आणि त्यांचा उपास सुटला.

ओवी म्हणाली, “गूगॉल.” मी विचारलं, ते काय? म्हणाली, एकावर शंभर शून्यं. मी म्हटलं, म्हणजे मोजलेला आकडाच ना तो? मग नाही चालणार, नाना असते तर बाद केला असता. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची मार्कशीट फाडली. पण मग मान डोलावून म्हणाली, “बरोबर आहे, आई. नानांनी बाद केला असता.” आणि ‘काउंटलेस’ घेऊन ताट पुढे केलं.

मग काय, कोणी प्लेंटी, कोणी अबंडंट. जामनेरच्या जावयांनी ‘झिलियन’ काढला. कोणी मिरियड म्हणालं, तेव्हा भाऊकाका म्हणाले, ताटात सगळं भरीतच आहे, मिरियड कसं? तुमची व्याख्या त्यांना पाठ होती, नाना. तुम्ही बोलत असताना ते चक्क झोपल्यासारखे डोळे मिटून बसायचे आणि आम्हाला वाटायचं, ऐकत नाहीत. बाउंडलेस मात्र कोणी म्हटला नाही. तो काकांसाठी सगळ्यांनी ठेवला होता. त्यांनी तो शेवटी म्हटला, आणि हाताचा घास तसाच धरून थोडा वेळ विहिरीकडे बघत बसले.

मी माझा शब्द म्हटला, मेनी मेनी, आणि स्वतःच्याच ताटात वाढून घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग शब्द संपले.

तुम्ही असताना इथेच तुमची पाळी असायची. सगळे गप्प झाले की तुम्ही उठायचात, ताट दोन्ही हातांनी पुढे धरायचात आणि म्हणायचात, “इन्फायनाइट.” तो शब्द तुमचा. पंगतीत दुसऱ्या कोणी तो कधी उच्चारला नाही. त्यानंतर कोणाला काही बोलायला जागाच नसायची. मग सोबत्यांनी निवृत्तीला पेंटरकडून करवून दिलेली ती पिवळी पाटी तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे अडकवायचात, काळ्या अक्षरांत एलव्ही लिहिलेली, म्हणजे लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा. पाहुण्यांना फाट्यापर्यंत सोडायला ट्रॉली निघायची आणि तुम्ही अगदी मागे, पाय खाली सोडून, हातात अक्कांच्या हिरव्या ब्लाउजपीसची झेंडी.

काल पातेल्यात भरीत उरलं होतं आणि कोणी तो शब्द म्हणत नव्हतं. म्हटला तर नानांची जागा घेतल्यासारखं, न म्हटला तर पार्टी संपतच नाही. चिरंजीव मान खाली घालून ताटात बोट फिरवत होते. ओवी माझ्याकडे बघत होती.  मला खरंच जमलं नाही, नाना. डाव हातात तसाच राहिला.

अक्का मागे कढईशी होत्या. पुऱ्या केव्हाच झाल्या होत्या, तरी माघारी गेल्या नव्हत्या. त्या उठल्या, हाताचं पीठ झटकलं, एक ताट घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी ताट पुढे धरलं, अगदी तुमच्यासारखं.

“इन्फायनाइट,” अक्का म्हणाल्या.

अडखळल्या नाहीत. तुमचाच उच्चार, तुमचीच ती ‘फा’वर थांबायची ढब.  चिरंजीव म्हणाले, “अक्का, तुला कुठून येतो?” तशा अक्का त्यांच्याकडे वळल्या. “मालगाडीमा शिकेत अन घरमा मन्हावर घोकेत. नही ते काय भिंतले सांगेत?” मालगाडीत शिकायचे आणि घरी माझ्यावर घोकायचे, नाहीतर काय भिंतीला सांगायचे? अख्खी पंगत फुटली हसून. भाऊकाकांना ठसका लागला, जावई त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. बायका डोळे पुसत होत्या, आणि हसून की रडून, मी विचारलं नाही. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला शब्द शिकवलेत, आणि सगळे शब्द आधीपासून ज्यांच्याकडे होते त्या कढईशी बसून पुऱ्या तळत होत्या. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, नाना. लबाड आहात.

मी अक्कांच्या ताटात भरीत वाढलं. एक डाव, दुसरा डाव. पातेलं रिकामं होईपर्यंत वाढत राहिले आणि त्या पुरे म्हणाल्या नाहीत. तिथेच उभ्यानं खाल्लं सगळं. पोळ्यापासून मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं.

मग हात धुतले आणि म्हणाल्या, “पाटी कोठे शे?”

पाटी मी नेली होती. का नेली, मलाही सांगता आलं नसतं. पिशवीत तळाशी होती, झेंडीत गुंडाळून. अक्कांनी ती पदरानं पुसली आणि ट्रॉलीच्या मागे स्वतः अडकवली. वाकडी लागली होती, पुन्हा काढून सरळ लावली. पाहुणे चढले. भाऊकाकांनी ट्रॅक्टर सुरू केला. अक्का मागे बसायला गेल्या तेव्हा चिरंजीव घाबरून म्हणाले, अक्का पुढे बस, पडशील. त्यांनी असं बघितलं की पोरगा हात देऊन बाजूला झाला.

मी आणि ओवी बांधाशी भांडी आवरायला थांबलो होतो. बांध म्हणजे पलीकडच्यांचा बांध, आपला नाही. ट्रॉली आमच्यासमोरून गेली. भाऊकाका, जावई, पोरं, जावाबाया, सगळे हात हलवत. आणि सगळ्यात शेवटी अक्का, पाय खाली सोडलेले, डोक्यावर पदर, हातात हिरवी झेंडी. माझ्याजवळून जाताना त्या वाकून पाटीकडे बघून घेत होत्या, नीट आहे ना. मग माझ्याकडे बघून ओरडल्या, “दखी का वं?” दिसली का गं? मी म्हटलं, “दखी, अक्का. बठ्ठी दखी.” दिसली, सगळी दिसली.

त्या हसल्या, नाना. पोळ्यानंतर पहिल्यांदा.

तुम्ही मला एकदा शिकवलं होतं, आणि मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं, कारण दूध उतू जात होतं. तुम्ही म्हणाला होतात, इंजिन आलं म्हणून गाडी आली असं कोणी धरत नाही. शेवटचा डबा पाटीसकट दिसला की मगच स्टेशनमास्तर म्हणतो, गाडी पूर्ण आली, मागे काही सुटलं नाही. आणि मगच मागच्या गाडीला रस्ता मिळतो. तुम्ही आयुष्यभर न संपणारे शब्द गोळा केलेत आणि आयुष्यभर शेवटाची पाटी सांभाळलीत. मला हे काल ट्रॉली वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कळलं नव्हतं.

रात्री घरी परतल्यावर ओवी म्हणाली, “आई, एक काढला तरी तेवढंच, हे गणित चुकलं नाही गं.” मी वाद घातला नाही. आज सकाळी अक्कांनी पूर्ण भाकरी खाल्ली, वर मला विचारलं, बाउंडलेसच्या जवळचा अजून एक शब्द तुम्ही सांगायचात, तो कोणता? मला आठवेना. त्यांनाच आठवला, चहा गाळताना. लिमिटलेस. मग आम्ही दोघी, मी सोनगीरची आणि अक्का शिंदखेड्याकडच्या, ओट्याशी उभ्या राहून लिमिटलेस, लिमिटलेस करत चहा प्यायलो. तुमच्या चिरंजीवांनी आत डोकावून बघितलं आणि गुपचूप गेले.

आता अक्का येतीलच देवळातून, म्हणून आवरतं घेते. एक वचन देते, नाना. दर हिवाळ्यात पहूरला जाळ पेटेल, वांगी भाजली जातील आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्याला कोरडी पुरीच मिळेल. इन्फायनाइट आता अक्कांचा. त्यांच्यानंतर कोणाचा, हे आज ठरवायचं नाही, आम्ही डिक्शनरीत अजून खूप मागे आहोत. ओवी लग्न होऊन कुठेही गेली तरी तिला त्या दिवशी घरी बोलवायचं, हे मी तिच्या सासरच्यांना आधीच सांगून ठेवीन. अगदी बघायला येतील तेव्हाच. आणि मीही त्यांना विचारीन, ‘खूप’ला इंग्रजीत काय म्हणतात?

तुम्ही आता निवांत जा. मागे काही सुटलेलं नाही. अक्कांनी तुमचा शेवटचा डबा काल पाहिला, पाटीसकट, आणि आम्हाला रस्ता मोकळा मिळाला आहे.

तुमची
मेनी मेनी सून,
वैशाली